पत्ता पत्रावर की दारावर? : डेटाग्रॅमच्या निमित्तानं एक समीक्षा



आजचा विषय फलकावर वाचून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस संगणकाच्या जाळ्यावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण समीक्षा फक्त कविता-कादंबरीचीच करायची असा काही नियम नाही. माणसांनी विचार करून रचलेली, आणि असंख्य माणसांनी चाळीस वर्षं विचार न करता वापरलेली कोणतीही गोष्ट समीक्षेला पात्र असते. उलट दुसऱ्या कारणासाठी ती जास्तच पात्र असते.

आज मी अशीच एक कृती घेतली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथं १९८३ साली युनिक्स प्रणालीची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात 'सॉकेट' नावाची एक रचना होती. एका संगणकावरच्या प्रोग्रॅमनं दुसऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅमशी बोलायचं असेल, तर कोणत्या शब्दांत सांगायचं, याचं ते व्याकरण. आज तुमच्या खिशातला फोन ज्या व्याकरणानं बोलतो, ते मुळात तेच. त्या व्याकरणातला एकच कोपरा मी तपासणार आहे. एक सुटा संदेश नेमका कुठं जावा, हे कुणी ठरवायचं आणि कधी?

सुरुवात आपल्या गावापासून करू. वाशीमचा पिनकोड काय? बरोबर, ४४४५०५. अकोला ४४४००१. अमरावती ४४४६०१. पहिले तीन आकडे तिघांचेही तेच. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. कलेक्टर वेगळा आला, जिल्हा परिषद वेगळी झाली, पण पिन तोच राहिला. कारण पिन हा राज्यकारभाराचा पत्ता नाही, तो पत्र वाटेला लावण्याचा पत्ता आहे. पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा छाटणीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन म्हणजे पत्र ज्या कचेरीतून वाटलं जातं ती कचेरी.

ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती आखणारे गृहस्थ मराठी होते, श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृतचे विद्वान, नाटककार. व्याकरण जाणणाऱ्या माणसानं देशाच्या पत्त्यांना व्याकरण द्यावं, याचं मला नेहमी अप्रूप वाटत आलं आहे. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते. अशा देशात त्यांनी काय केलं? पत्त्याचा जो भाग मधल्या माणसाला लागतो, तो सहा आकड्यांत आणून पत्रावरच ठेवला. नागपूरच्या छाटणी करणाऱ्याला वाशीमची गल्ली माहीत असण्याची गरज उरली नाही. त्यानं ४४४ बघायचं आणि थैलीत टाकायचं. गल्ली आपला पोस्टमन बघेल.

आता बघा, डेटाग्रॅम म्हणजे नेमकं हेच. हा शब्दच 'डेटा' आणि 'टेलिग्रॅम' यांच्या जोडातून आला. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिचं नाव जाळ्यात अजून जिवंत आहे. डेटाग्रॅम म्हणजे सुटं पत्र. त्याचा पत्ता त्याच्याच अंगावर. आधीच्या पत्राशी त्याचं नातं नाही, नंतरच्याशी नाही. टाकलं की वाट धरणार. पोचलंच पाहिजे अशी हमी नाही, पोचल्याची पावती नाही, आधी टाकलेलं आधी पोचेल असंही नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये या पत्राचा नियम लिहिला, आरएफसी ७६८. अवघी तीन पानं. पत्राच्या माथ्यावर फक्त आठ बाइट्स : कोणत्या दारातून निघालं, कोणत्या दारात जायचं, लांबी किती, आणि बेरीज जुळते का ते तपासण्याचा आकडा. घराचा पत्ता त्याच्या बाहेरच्या लिफाफ्यावर, आयपीच्या माथ्यावर.

ही कल्पना भांडणाशिवाय रुजली नाही. १९७०च्या दशकात दोन पक्ष होते. टेलिफोन कंपन्यांचा पक्ष म्हणे, बोलण्याआधी मार्ग बांधा, मग त्या मार्गावरून सगळं एका ओळीत जाऊ द्या. फ्रान्समध्ये लुई पूझाँ यांनी 'सिक्लाद' नावाचं जाळं उभारलं, त्यांचा पक्ष उलट. प्रत्येक संदेश स्वतःचा पत्ता घेऊन जाईल, मधल्या जाळ्यानं फार शहाणपण करू नये, हिशेब ठेवायचा तो दोन टोकांनी. इंटरनेट पुढं या दुसऱ्या वाटेनं गेलं.

माझ्यासारख्याला इथं मीमांसकांची आठवण होणं अपरिहार्य आहे. भाट्ट म्हणतात, प्रत्येक पद आधी आपापला अर्थ सांगतं, मग त्या अर्थांचा अन्वय लागतो. हा अभिहितान्वयवाद. प्राभाकर म्हणतात, नाही, पद कधी सुटं बोलतच नाही. ते अन्वयात बसलेला अर्थच सांगतं. लहान मूल 'गाय आण', 'गाय बांध', 'घोडा आण' असे हुकूम आणि त्यावरची हालचाल बघत बघत शब्द शिकतं. सुटी 'गाय' त्याला कधी भेटतच नाही. हा अन्विताभिधानवाद. आधी सुटं आणि मग नातं, की आधीपासूनच नात्यात? मार्ग बांधणारे प्राभाकर आणि सुटं पत्र टाकणारे भाट्ट, असं मी गमतीनं म्हणतो. (हशा) उपमा आहे, फार ताणू नका. पण प्रश्न तोच आहे. संबंध हा संदेशाआधी असतो की संदेशामुळे घडतो?

आता मूळ कृतीकडे येऊ. बर्कलीच्या व्याकरणात डेटाग्रॅम पाठवायचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला 'सेंडटू' : मजकूर द्या आणि त्याच वेळी पत्ताही द्या. प्रत्येक पत्राला वेगळा पत्ता. दुसरा मार्ग असा, की सॉकेटवर एकदा 'कनेक्ट' म्हणा, एक पत्ता सांगून ठेवा, आणि मग नुसतं 'सेंड' म्हणत राहा. पत्ता पत्रावर लिहावा लागत नाही, तो जणू दारावरच रंगवलेला असतो. म्हणून आजचं शीर्षक.

आधी गुण सांगतो, कारण दोषच तेवढे दाखवणं ही समीक्षा नव्हे. दोन्ही मार्गांची खरी गरज आहे. नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर घ्या. त्याला एकाच दारातून हजारो अनोळखी माणसांना उत्तरं द्यायची असतात. पत्र येतं, त्यावरचा प्रेषक बघायचा, त्याला उत्तर टाकायचं आणि विसरून जायचं. तिथं दारावर पत्ता रंगवून कसं चालेल? उलट एखादं यंत्र दिवसभर एकाच ठिकाणी आकडे पाठवत असेल, तर दर वेळी तोच पत्ता लिहिणं म्हणजे रोज आईला पत्र लिहिताना लिफाफ्यावर गावाचा नकाशा काढण्यासारखं. मुंबईचा डबेवाला बघा. डब्यावर खूण असते, मधल्या हातांना ती पुरते. पण रोज तेच घर, तेच ऑफिस. पत्ता डब्यावरही आहे आणि सवयीतही आहे.

आणखी एक गुण. सगळ्या आळीला एकदम सांगायचं असेल, म्हणजे दवंडी पिटायची असेल, तर या व्याकरणात आधी सॉकेटवर तशी परवानगी लावावी लागते. न लावता दवंडीच्या पत्त्यावर पत्र टाकलं, तर प्रणाली नकार देते. चुकून दवंडी पिटली जाऊ नये ही काळजी तिथं घेतली आहे. ज्यानं ती घेतली, त्याला मी मनापासून नमस्कार करतो. एवढ्यासाठी, की पुढच्या जागी ती घेतलेली दिसत नाही.

आता दोष. पहिला दोष नावाचा. 'कनेक्ट' हा शब्द. टीसीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीत कनेक्ट म्हटलं की खरोखर काही घडतं. इकडून हाक जाते, तिकडून ओ येते, इकडून 'ऐकलं' असं जातं, मग संबंध जुळतो. तीन पावलांचं ते लग्नच. डेटाग्रॅमच्या सॉकेटवर कनेक्ट म्हटलं तर तारेवर एक अक्षरही जात नाही. समोरच्याला कळतसुद्धा नाही. आपण आपल्याच वहीत लिहून ठेवतो, 'यापुढं माझी पत्रं यालाच.' एकतर्फी नातं! दोन्हींना एकच नाव. दोन भिन्न पदार्थांना एक शब्द दिला, की वापरणाऱ्याच्या मनात त्यांचे धर्मही एकमेकांत मिसळतात. आणि हे नातं तोडायचं कसं? पुन्हा कनेक्टच म्हणायचं, पण ज्या पत्त्याचं कुळच सांगितलेलं नाही अशा पत्त्याशी. (हशा) हसता काय, तंत्राच्या पुस्तकांत असंच दिलेलं आहे.

दुसरा दोष जास्त खोल आहे. एका दारावर 'अ'चा पत्ता रंगवला, आणि मग त्याच दारातून 'ब'चा पत्ता लिहिलेलं पत्र टाकलं. काय व्हावं? प्रश्न सरळ आहे, पण उत्तरं बघा. बीएसडीच्या परंपरेतल्या प्रणाली आणि मॅक म्हणतात : चूक, सॉकेट आधीच जोडलेलं आहे. लिनक्स म्हणतं : चालेल, या पत्रापुरता 'ब'. विंडोजही तेच म्हणतं. जावाचं ग्रंथालय पत्ता जुळत नाही म्हणून तिथल्या तिथं हरकत घेतं. गो भाषेचं ग्रंथालय म्हणतं : जोडलेल्या सॉकेटवर पत्त्यासह लिहूच नका. आणि प्रवाहाच्या सॉकेटवर, म्हणजे टीसीपीवर, विंडोजमध्ये असं केलं तर दिलेला पत्ता गुपचूप बाजूला ठेवला जातो. एकच वाक्य, आणि कुणी होकार देतो, कुणी नकार, कुणी ऐकल्यासारखं करून सोडून देतो. पॉझिक्सच्या मानकातही या ठिकाणी चूक 'दाखवता येईल' एवढंच आहे, 'दाखवलीच पाहिजे' असं नाही. ज्या व्याकरणात एका वाक्याचे इतके अर्थ निघतात, त्याची त्या जागी दुरुस्ती व्हायला हवी.

यात बिघडतं काय, ते एका प्रसंगानं सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी. तत्त्वज्ञान त्यानं एकच वर्ष शिकलं, मग शहाण्यासारखा दुसरीकडे गेला. (हशा) आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला घरी आला होता. त्याचं काम असं : दूरवर बसवलेली यंत्रं आकडे गोळा करतात आणि डेटाग्रॅमनं एका मुख्य सर्व्हरकडे पाठवतात. मुख्य सर्व्हर बोलेनासा झाला, तर राखीव सर्व्हरकडे पाठवायचं. त्यानं सॉकेट मुख्य सर्व्हरशी कनेक्ट केलं होतं, आणि राखीवसाठी त्याच सॉकेटवरून पत्ता देऊन सेंडटू. यंत्र लिनक्सवर चालणारं. मला म्हणतो कसा, "सर, पत्र तर जाते, राखीवच्या वहीत नोंद बी होते, पण जवाब काऊन येत नाही?" दोन दिवस तो राखीव सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांवर चिडत होता.

कारण काय निघालं? जोडलेल्या डेटाग्रॅम सॉकेटचा दुसराही एक धर्म आहे. ते पत्रं घेतंही फक्त त्याच पत्त्यावरून आलेली. लिनक्सनं पाठवण्यापुरती सूट दिली, घेण्यापुरती दिली नाही. पत्र 'ब'कडे गेलं, 'ब'नं इमानेइतबारे उत्तर दिलं, उत्तर दारापर्यंत आलं, आणि दारावर नाव 'अ'चं. आलं तसं परत. म्हणजे तोंड सैल आणि कान बंद. हीच कामगिरी त्याच्या सहकाऱ्यानं मॅकवर चालवली, तेव्हा पहिल्याच पत्राला चूक दाखवली गेली आणि घोळ पाच मिनिटांत कळला. ज्या प्रणालीनं 'नाही' म्हटलं तिनं शिकवलं. 'हो' म्हणणाऱ्या प्रणालीनं दोन दिवस झुलवलं, आणि वर निरपराध माणसांवर राग काढायला लावला. ही शेवटची गोष्ट मला तंत्रापेक्षा महत्त्वाची वाटते. अस्पष्ट व्याकरणाचा दंड नेहमी तिसराच कुणीतरी भरतो.

तिसरा मुद्दा दोष म्हणून नव्हे, उलगडा म्हणून सांगतो. न जोडलेल्या सॉकेटवरून पत्र टाकताना आत काय होतं? रिचर्ड स्टीव्हन्स यांचं युनिक्स जाळ्यांवरचं पुस्तक या क्षेत्रात प्रमाण मानतात. त्यात दिलं आहे, की बर्कलीच्या वंशातल्या प्रणाली अशा वेळी सॉकेट तात्पुरतं जोडतात, पत्र पाठवतात, आणि जोड सोडतात. प्रत्येक पत्राला. हा जोड-तोडीचा खर्च एका पत्राच्या एकूण खर्चाच्या जवळजवळ एक तृतीयांश भरतो, असं निरीक्षणही तिथं नोंदलं आहे. वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. वरून भाट्ट, आतून प्राभाकर! वापरणाऱ्याला वाटतं आपण सुटं पत्र टाकलं, आणि यंत्र मात्र क्षणभराचा संबंध जोडल्याशिवाय एक अक्षर पाठवत नाही. संबंध टळत नाहीच. तो कोण जोडतो आणि किती वेळ टिकवतो, एवढंच आपल्या हाती.

याच्याच पोटात तक्रारीचा प्रश्न आहे. पत्र पोचलं नाही, पलीकडून 'असं दार इथं नाही' अशी चिठ्ठी परत आली. ती कुणाला द्यायची? जोडलेल्या सॉकेटला ती मिळते, कारण पत्ता एकच, संशय नाही. न जोडलेल्या सॉकेटला बर्कलीच्या रचनेत ती मिळत नाही. समजा एकाच दारातून तीन पत्रं तिघांना गेली आणि एक तक्रार आली. ती सांगायला व्याकरणात फक्त चुकीचा एक आकडा आहे, कोणत्या पत्राची ते सांगायला जागाच नाही. म्हणून तक्रारच दडवली. टपालखात्यात निदान 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारलेलं तेच पाकीट परत यायचं. इथं स्वातंत्र्य घेतलंत, तर त्याची किंमत म्हणून तुमच्या चुका तुम्हाला सांगितल्या जाणार नाहीत. लिनक्सनं पुढं वेगळी सोय केली, पण ती मागून घ्यावी लागते.

आता कुणी म्हणेल, सर, हे प्रोग्रॅमर लोकांचं दुखणं, आम्हाला काय त्याचं? सांगतो. डेटाग्रॅमवर जसा 'प्रति' असतो, तसा 'प्रेषक'ही असतो, आणि तो लिहिणारा पाठवणाराच. लबाडानं प्रेषक म्हणून तुमचा पत्ता लिहिला आणि हजार सर्व्हरना छोटे छोटे प्रश्न विचारले, तर हजार लांबलचक उत्तरं तुमच्या दारात येऊन पडतात. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळावर असाच मारा झाला, सेकंदाला १.३५ टेराबिट इतका. उत्तर देणारे सर्व्हर बिचारे प्रामाणिक. त्यांनी पत्रावरचा प्रेषक खरा मानला, इतकंच. त्यावरचा उपाय मे २००० मध्येच आरएफसी २८२७ म्हणून लिहून ठेवला होता. ज्या जाळ्यातून पत्र बाहेर पडतं, त्यानंच वेशीवर बघावं, की हा प्रेषक आपल्या गावचा आहे का. नसेल तर पत्र पुढं जाऊ देऊ नये. म्हणजे 'कुठं पाठवू' याचं स्वातंत्र्य 'कोण पाठवतोय' या जबाबदारीशिवाय दिलं, तर ते दुसऱ्याच्या अंगणात दगड फेकण्याचं स्वातंत्र्य होतं.

आपल्या गावाला हे नवीन नाही. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथंच १९३९ साली सापडला. ताम्रपट म्हणजे काय? स्वतःपुरता पूर्ण संदेश. कुठून दिला, कुणी दिला, कुणाला दिला, कोणतं गाव दिलं, सगळं त्याच पत्र्यावर. देणारा गेला, घेणारे गेले, राज्य गेलं. आज पत्रा वाचला तरी अर्थ लागतो. पत्ता दारावर रंगवला असता, तर ते दार कधीच पडलं असतं.

म्हणून माझा निष्कर्ष. एक, पत्ता शक्यतो पत्रावरच असावा, म्हणजे वाचणाऱ्याला त्याच ओळीत कळेल की हे कुठं चाललंय. दोन, वेगासाठी किंवा तक्रारी ऐकू येण्यासाठी दार एकाला बांधायचं असेल, तर जरूर बांधा. पण मग ती वस्तू वेगळी, तिचं नाव वेगळं, आणि तिला दुसरा पत्ता देण्याची सोयच नसावी. तीन, जिथं दोन पत्ते एकमेकांशी भांडतात, तिथं ग्रंथालयानं स्पष्ट नकार द्यावा. गुपचूप एक निवडू नये, आणि गुपचूप सोडून तर मुळीच देऊ नये. या कसोटीवर जावा आणि गो यांनी घेतलेली बाजू मला योग्य वाटते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. माझ्या त्याच विद्यार्थ्यानं घेतला. "सर, लिनक्सची सूट काही जणांना खरंच लागते. जाणत्या माणसाचा हात कशाला धरता?" मी बराच विचार केला. माझं उत्तर असं : जाणत्याला सूट जरूर द्या, पण त्यानं ती मागून घ्यावी. दवंडीची परवानगी जशी मागावी लागते, तशीच. न मागता मिळालेली सूट जाणत्याला वापरता येते, पण तिच्यात पाय अडकतो तो नवख्याचा. आणि शिक्षक म्हणून सांगतो, जगात नवखे नेहमीच जास्त असतात.

वेलणकरांच्या योजनेत कुठंही चमत्कार नव्हता. प्रत्येक हाताला लागेल तेवढंच सांगायचं, पण ते पत्रावर, स्पष्ट अक्षरात सांगायचं, एवढीच शिस्त होती. १५ ऑगस्ट १९७२ला पिन आला, आणि १५ ऑगस्ट १९९५ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. तारीख एकच, हा योगायोग आहे. दुसरं पहिल्याकडून थोडं शिकलं असतं, तर माझा विद्यार्थी दिवाळीला दोन दिवस आधी घरी आला असता.